एसीची वाट लागू नये म्हणून

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत आमच्या बेडरूममधल्या एसीखाली पंधरा दिवस बादली होती. रात्री ठेवायची, सकाळी ओतायची. टपटप ऐकून झोप लागेना म्हणून बादलीत जुना पंचा टाकला. आवाज थांबला, तशी घरातल्यांची तक्रारही थांबली. शेवटी मेकॅनिक बोलावला. त्याने खालूनच पाच मिनिटं वर बघितलं आणि सांगितलं, "काकू, गॅस कमी झालाय." गॅस भरला, पैसे दिले. त्याच रात्री पुन्हा टपटप.

दुसऱ्या वेळी आलेला मुलगा विशीतला होता. तो एसीकडे न बघता आधी गॅलरीत गेला. बाहेर लोंबणारा ड्रेन पाइप त्याने दोन्ही हातांनी पिळत पिळत खाली आणला, तर आतून करंगळीएवढी, जेलीसारखी गुठळी बाहेर आली. पाठोपाठ तांब्याभर काळं पाणी. बादली मोरीत परत गेली.

त्यानंतर मी एसीकडे दोन वाटांचं यंत्र म्हणून बघायला लागले. एक हवेची वाट, एक पाण्याची. या दोन मोकळ्या राहिल्या की घरच्या एसीची वाट सहसा लागत नाही. गॅसची तिसरी वाट आहे, पण ती बंद नळीतली आहे आणि तिच्याशी आपला संबंध क्वचितच येतो.

यंत्र समजून घ्यायला फार वेळ लागत नाही. भिंतीवरच्या इनडोअरमध्ये जाळीचा फिल्टर, त्यामागे ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांची थंड कॉइल आणि तिच्या मागे लाटण्यासारखा लांब ब्लोअर असतो. ब्लोअर खोलीतली हवा वरून ओढतो, ती फिल्टर आणि कॉइलमधून जाऊन गार होते आणि खालच्या फ्लॅपमधून बाहेर पडते. कॉइलने शोषलेली उष्णता गॅसबरोबर बाहेरच्या युनिटकडे जाते आणि तिथला पंखा ती हवेत फेकतो. हवेतली वाफ थंड कॉइलवर पाणी होऊन जमते, खालच्या ट्रेमध्ये उतरते आणि ड्रेन पाइपने बाहेर जाते. हे पाणी म्हणजे बिघाड नव्हे, एसीचं मूळ कामच ते. १९०२ साली विलिस कॅरियर यांनी ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली, तीही माणसांना गारवा मिळावा म्हणून नव्हती. दमट हवेत कागद फुगायचा आणि रंग एकावर एक बसायचे नाहीत, म्हणून ती हवेतला ओलावा काढण्यासाठी होती.

दोन्ही वाटा एकमेकींत गुंतलेल्या आहेत. फिल्टर तुंबला की कॉइलवर पुरेशी हवा येत नाही. कॉइल शून्याखाली जाते आणि तिच्यावर बर्फ धरतो. बर्फामुळे उरलीसुरली हवाही अडते. मग एसी बंद केला की तो बर्फ एकदम वितळतो, ट्रेमध्ये मावत नाही आणि भिंतीवर ओघळतो. म्हणजे पाणी गळतंय, पण दुखणं हवेचं. इन्व्हर्टर एसीत, म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणाऱ्या एसीत, हे आणखी उशिरा कळतं, कारण तो कॉम्प्रेसर (बाहेरच्या युनिटमधला गॅस दाबणारा पंप) जास्त पळवून गारवा बराच काळ टिकवून धरतो. खोली गार असते, फक्त बिल वाढलेलं असतं.

आधी एमसीबी

रिमोटने एसी बंद करणं म्हणजे वीज बंद करणं नव्हे. आत पीसीबीवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाटीवर, वीज खेळतच असते. म्हणून हात लावण्याआधी एसीचा एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा वीज तोडणारा स्विच, खाली पाडायचा, प्लग असेल तर तोही काढायचा आणि घरातल्यांना सांगून ठेवायचं. आमच्याकडे एकदा मी स्टुलावर असताना चिरंजीवांनी "वीज गेलीये वाटतं" म्हणून एमसीबी वर केला होता. तेव्हापासून एमसीबीवर कागद चिकटवते.

स्टूल नको, शिडी घ्या. इनडोअर सात-आठ फुटांवर असतो आणि मान वर करून दोन्ही हात गुंतले की तोल जायला वेळ लागत नाही. सामान साधंच लागतं: मऊ केसांचा रंगाचा जुना ब्रश, टॉर्च, पाण्याचा स्प्रे, मास्क, जाड हातमोजे आणि असेल तर व्हॅक्यूम क्लीनर. हातमोजे कॉइलसाठी. तिची पाती ब्लेडसारखी कापतात.

फिल्टर: पंधरा मिनिटांचं काम

समोरचं पॅनेल दोन्ही बाजूंच्या खाचांत बोटं घालून वर उचललं की ते अडकून राहतं. खाली दोन जाळ्या दिसतात. जाळीची कड थोडी वर ढकलून पुढे ओढली की ती सरकत बाहेर येते. काढताना ती सपाट धरा, नाहीतर महिन्याभराची धूळ गादीवर पडते. गादीवर आधी जुनी चादर टाकलेली बरी.

जाळी धुताना बहुतेक जण धुळीच्या बाजूवर नळ सोडतात. त्याने धूळ जाळीच्या छिद्रांत आणखी रुतते. उलट्या, म्हणजे स्वच्छ बाजूने पाणी सोडायचं, मग धूळ जशी आली तशी बाहेर जाते. पाणी साधं किंवा कोमट. कडकडीत पाण्याने प्लास्टिकची चौकट वाकडी होते आणि मग ती खाचेत बसत नाही. उन्हात वाळत घातली तरी तेच. सावलीत पंख्याखाली तासाभरात वाळते. ओली जाळी बसवू नका, कुबट वास तिथूनच सुरू होतो.

हॉल आणि स्वयंपाकघर एकच असेल तर फिल्टर नुसत्या पाण्याने निघत नाही. फोडणीची वाफ तेलकट असते. ती जाळीवर बसते आणि तिच्यावर धूळ चिकटून मेणासारखा थर होतो. अशा जाळीला भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब पाण्यात टाकून दहा मिनिटं भिजवा, मग मऊ ब्रश फिरवा. रोज संध्याकाळी धूप किंवा डासांची कॉइल लावत असाल तरी हाच प्रकार. तळण असेल तेव्हा हॉलचा एसी बंद ठेवणं आणि चिमणी लावणं सोपं.

मोठ्या जाळीवर कधी कधी छोट्या पट्ट्या बसवलेल्या असतात, कार्बनच्या किंवा बारीक धुळीच्या. त्या सरसकट पाण्यात घालू नका. काही पट्ट्या धुता येतात, काही फक्त बदलायच्या असतात. एसीबरोबर आलेल्या पुस्तिकेत ते लिहिलेलं असतं.

किती दिवसांनी? एसी रोज चालत असेल तर दर पंधरा दिवसांनी. शेजारी बांधकाम चालू असेल, आणि पुण्यात ते नेहमी असतंच, तर आठवड्याने. मी कपाटाच्या दाराच्या आत पेन्सिलने तारीख लिहिते. मोबाइलवरचं स्मरण मी बोटाने बाजूला सारते, पेन्सिलची तारीख मात्र कपडे काढताना रोज टोचते.

कॉइल आणि ब्लोअर

जाळी काढली की मागे कॉइल दिसते. टॉर्च तिरका धरा. पाती चंदेरी किंवा निळसर दिसली तर ठीक. त्यांच्यावर राखाडी लोकर बसल्यासारखं दिसलं तर सफाई करायची. कोरडा मऊ ब्रश पात्यांच्या दिशेनेच, वरून खाली फिरवायचा. आडवा फिरवला तर कागदासारखी पातळ पाती दुमडतात, आणि दुमडलेल्या पात्यांतून हवा जात नाही. व्हॅक्यूम असेल तर त्याचं मऊ केसांचं तोंड लावून हलक्या हाताने ओढा.

नंतर पाण्याचा बारीक स्प्रे किंवा बाजारात मिळणारा कॉइल क्लीनरचा फेस मारता येतो. त्याआधी इनडोअरच्या इलेक्ट्रिकच्या कप्प्यावर प्लास्टिकची पिशवी घट्ट गुंडाळा. समोर उभं राहिलं की बहुतेक एसीत तो उजव्या हाताला असतो. फेस डब्यावर लिहिलेल्या वेळेइतका ठेवून पाण्याने उतरवा. ही घाण ट्रेमध्येच जाणार हे लक्षात ठेवा. त्यामुळे कॉइल साफ केल्या दिवशी ड्रेन तपासल्याशिवाय काम पुरं झालं असं समजू नका. कॉइल धुतली आणि दुसऱ्या दिवशी पाणी गळायला लागलं, असं होतं ते याचमुळे.

ॲसिड, टॉयलेट क्लीनर, ब्लीच यांना कॉइलजवळ फिरकू देऊ नका. ॲल्युमिनियम त्याने लख्ख दिसतं, कारण वरचा थरच खाल्ला जातो. काही मेकॅनिक "ॲसिड वॉश करून देतो" म्हणतात. नको म्हणायचं.

ब्लोअर मात्र घरी साफ करण्याच्या भानगडीत मी पडत नाही. फ्लॅप हाताने हळूच उघडून टॉर्चने आत बघा. पात्यांवर काळे ठिपके किंवा काजळीसारखा थर दिसला तर ती बुरशी आणि धूळ आहे. एसी लावताच येणारा ओल्या मोज्यांसारखा वास तिथलाच. फिल्टर स्वच्छ असूनही हवा कमी लागते, तेव्हाही बहुधा ब्लोअरच भरलेला असतो. बाटलीचा ब्रश आत घालून घासायचा मोह होतो, पण एखादं पातं तुटलं तर ब्लोअरचा तोल जातो आणि रात्रभर घरघर ऐकावी लागते. हे जेट सर्व्हिसचं, म्हणजे मेकॅनिकने पंपाच्या पाण्याने धुण्याचं काम आहे.

पाण्याची वाट

बादलीच्या आठवणीने या भागावर मी जास्त रेंगाळणार आहे.

मुंबईत किंवा कोकणात भर पावसाळ्यात दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. रत्नागिरीला माझ्या माहेरी रात्रभरात बादली भरून वाहते. नागपूरला नणंदेकडे मे महिन्यात त्याच आकाराचा एसी दिवसभर चालला तरी पाइपातून जेमतेम चार थेंब पडतात, कारण तिथल्या कोरड्या उन्हाळ्यात हवेत वाफच कमी असते. त्यामुळे "पाणी येत नाही" एवढ्यावरून काही ठरत नाही. गाव आणि महिना बघायचा. दमट दिवसांत, एसी तासभर चालूनही बाहेर पाणी पडत नसेल, तर ते आत कुठेतरी साठतंय.

ट्रेमध्ये अंधार, ओल आणि धूळ असते. तिथे शेवाळासारखा बुळबुळीत थर वाढतो, सुटतो आणि पाइपाच्या पहिल्या वळणावर अडकतो. तो काढायला बाहेरच्या टोकाकडून ओढणं चांगलं. ओल्या कचऱ्याला चालणारा व्हॅक्यूम असेल तर त्याचं तोंड पाइपाला लावून भोवती ओला फडका आवळा आणि मिनिटभर चालवा. साधा, कोरड्या धुळीचा व्हॅक्यूम चालणार नाही, त्यात पाणी गेलं तर तो जळेल. व्हॅक्यूम नसेल तर पाइप त्या मुलासारखा पिळत आणायचा. पाइप मऊ असेल तर हे जमतं. तोंडाने किंवा पंपाने फुंकल्यावर तात्पुरतं पाणी सुटतं, पण गाळ परत ट्रेमध्ये ढकलला जातो आणि आठवड्याने पुन्हा तेच.

मग आतून परीक्षा. जाळ्या काढून कॉइलच्या खालच्या भागावर, इलेक्ट्रिकच्या कप्प्यापासून लांब, कपभर कोमट पाणी अगदी हळू सोडा. बाहेर कुणाला तरी उभं करा. आत ओतलेलं पाणी लगेच धार धरून बाहेर आलं पाहिजे. थेंब थेंब आलं तर पुन्हा साफ करा. उकळतं पाणी नको, पाइप प्लास्टिकचा असतो.

पाइप स्वच्छ असूनही पाणी गळत असेल तर तो कसा टाकलाय ते बघा. पाणी उताराने जातं, त्याला कुणी ढकलत नाही. मध्ये कुठे पाइप वर चढला असेल, झोळीसारखा लोंबला असेल, किंवा त्याचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडलेलं असेल, तर आत हवा अडकते आणि पाणी मागे फिरतं. बादली ठेवायची तर टोक पाण्याच्या वर राहू द्या. इनडोअरही पाइपाकडच्या बाजूला झुकलेला नसेल तर ट्रे दुसऱ्या टोकाने ओसंडतो. स्पिरिट लेव्हल, म्हणजे समपातळी दाखवणारी पट्टी, ठेवली की कळतं. ज्यावर युनिट टांगलेलं असतं तो भिंतीवरचा पत्रा ढिला होऊन कधी कधी वर्षा-दोन वर्षांनी युनिट कलतं.

आणखी एक फसवी गळती असते. तांब्याच्या नळ्यांवरचं काळं रबरी इन्सुलेशन फाटलं किंवा उंदराने कुरतडलं, की थंड नळीवर बाहेरूनच दव धरतं आणि भिंतीवरून उतरतं. ड्रेनला कितीही पिळलं तरी ही गळती थांबत नाही. तेवढ्या भागावर नवं इन्सुलेशन चढवून टेप गुंडाळली की झालं. भिंतीतल्या भोकाभोवतीची फट पुटीने बुजवून घ्या. पाल, मुंग्या, उंदीर तिथूनच येतात, आणि पाल पीसीबीवर गेली तर ती जाते आणि पीसीबीही.

या पाण्याने आमच्या सासूबाई फरशी पुसतात, कुंड्यांना घालतात. हरकत नाही. पण ते डिस्टिल्ड वॉटर समजून इन्व्हर्टरच्या बॅटरीत ओतू नका, त्यात धूळ आणि धातूचे कण असतात. पाइप खालच्या मजल्याच्या खिडकीवर सोडला असेल तर एसी दुरुस्त होईल, शेजार होणार नाही. सोसायटीचा पाइप असेल तर त्यात जोडून घ्या.

बाहेरचं युनिट

हात पोचेल तिथेच, म्हणजे गॅलरीत, गच्चीवर किंवा तळमजल्यावर असेल तरच स्वतः साफ करा. खिडकीतून वाकून किंवा छज्जावर उतरून अजिबात नाही. आणि त्याचं झाकण उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, वीज बंद केल्यावरही विजेचा भार राहू शकतो.

हवा मागून आणि बाजूने आत येते, पंखा ती पुढे फेकतो. म्हणून कचरा मागच्या जाळीवर बसतो, जिथे आपण बघत नाही. एमसीबी बंद करून आधी पानं, पिसं, प्लास्टिक हाताने काढा. मग बागेच्या नळीने साधी धार वरून खाली सोडा. गाडी धुवायचा प्रेशर पंप नको, पाती झोपतात. पूर्ण वाळल्यावरच चालू करा.

कबुतरांची विष्ठा कोरडी खरवडू नका. तिची भुकटी श्वासात गेली तर फुफ्फुसांना खरंच इजा होते. मास्क लावून आधी पाण्याने भिजवा, मग काढा. जाळी लावायची तर युनिटला चिकटवून नाही, थोडी दूर, मोठ्या छिद्रांची.

बाहेरच्या युनिटला श्वास घ्यायला जागा लागते. मागे वीतभर, समोर तीन-चार फूट तरी मोकळं हवं. त्यावर ओले टॉवेल वाळत घालणं, पुढ्यात कुंड्यांची रांग, आणि सगळ्यात वाईट म्हणजे इंटिरियरवाल्याने बनवलेली सुंदर लाकडी पेटी. पेटीत गरम हवा गोल फिरत राहते आणि तीच पुन्हा आत ओढली जाते. नागपूरच्या ४५ अंशांत तर अशी पेटी म्हणजे भट्टीच. ऊन अडवायला वर छत चालेल, बाजू उघड्या ठेवा.

समुद्राजवळच्या घरांचा हिशोब वेगळा. खारी हवा पात्यांवर मीठ सोडते आणि ओलाव्यात ते धातू खातं. रत्नागिरीला वडील महिन्यातून एकदा युनिटवर गोडं पाणी मारतात, बाकी काही करत नाहीत. शेजारच्या बंगल्यातल्या युनिटची पाती चार वर्षांत भुकटी झाली, आमची अजून धरून आहेत. तसंच, ज्या लोखंडी स्टँडवर युनिट टेकलेलं आहे त्याचे बोल्ट वर्षातून एकदा मेकॅनिककडून तपासून घ्या. गंजलेला स्टँड म्हणजे रस्त्यावरच्या कुणाच्या तरी डोक्यावर लटकलेलं पंचवीस-तीस किलोंचं ओझं.

"गॅस संपलाय"

गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तो बंद नळ्यांतून फिरतो आणि परत येतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. म्हणून दरवर्षी "थोडा टॉपअप" करून घेणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं.

खरंच कमी झालाय का, याच्या काही खुणा घरीच दिसतात. फिल्टर आणि कॉइल स्वच्छ असताना, एसी वीस मिनिटं चालवून बाहेरच्या युनिटला जोडलेल्या दोन नळ्या बघा. सगळं ठीक असेल तर जाड नळी गार असते आणि दमट हवेत तिला घाम येतो. जाड नळी गरम-कोमट आणि बारीक नळीच्या जोडावर पांढरा बर्फ, असं असेल तर गॅस कमी असण्याची शक्यता मोठी. इनडोअरच्या कॉइलचा एकच कोपरा गार आणि बाकी कोरडी, हीही तीच खूण. पण अख्ख्या कॉइलवर बर्फ धरला असेल तर आधी हवेची वाट बघा. मेकॅनिक या दोन बर्फांत फरक करत नसेल तर त्याच्या हाती सिलिंडर देऊ नका.

स्वयंपाकघरातला थर्मामीटरही कामाला येतो. रिमोटवर सगळ्यात कमी तापमान आणि जोराचा पंखा लावून पंधरा-वीस मिनिटं थांबा. इनडोअरच्या वर, जिथून हवा आत जाते, तिथलं तापमान मोजा आणि मग फ्लॅपपाशी मोजा. साधारण ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर एसी आपलं काम करतोय. खूप दमट दिवशी फरक थोडा कमी येतो. मेकॅनिक येण्याआधी आणि गेल्यानंतर हे आकडे लिहून ठेवले की वाद उरत नाही.

गळती निघालीच तर कामाचा क्रम असा हवा: आधी जोडांवर साबणाचा फेस लावून गळती शोधणं, ती दुरुस्त करणं, मग नायट्रोजनने दाब देऊन तो टिकतोय का बघणं, त्यानंतर व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढणं, आणि शेवटी युनिटच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरणं. दाबासाठी ऑक्सिजनचा सिलिंडर आणलेला दिसला तर तिथेच थांबवा. कॉम्प्रेसरमधल्या तेलाशी ऑक्सिजनचा दाबाखाली संबंध आला की स्फोट होऊ शकतो.

गॅस कोणता हेही पट्टीवर असतं. जुन्या एसीत आर-२२, नंतरच्यांत आर-४१०ए, हल्लीच्या बहुतेकांत आर-३२ आणि काहींत आर-२९०. आर-२९० म्हणजे प्रोपेन, चांगलाच ज्वलनशील, आणि आर-३२ सौम्य ज्वलनशील. एकाच्या जागी दुसरा भरायचा नसतो, आणि काम चालू असताना खोलीत समई, अगरबत्ती, सिगारेट काही नको. जुना गॅस हवेत सोडून देणं हीही साधी गोष्ट नाही. एक किलो आर-३२ हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशोबाने ते साधारण ६७५ किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखं असतं.

मेकॅनिक आल्यावर

वर्षातून एकदा, रोज दहा-बारा तास वापर असेल तर दोनदा, जेट पंपाची सर्व्हिस करून घ्या. ड्राय सर्व्हिस म्हणजे हवा मारायच्या यंत्राने धूळ उडवणं. त्याने फिल्टर साफ होतो, जो तुम्ही घरीच केलाय. जेट सर्व्हिसमध्ये इनडोअरभोवती पिशवी बांधून पंपाच्या पाण्याने कॉइल, ब्लोअर आणि ट्रे धुतात. पिशवी आणलीये का, पीसीबी झाकला का, ब्लोअरवर पाणी मारलं का, ड्रेन वाहता केला का, एवढं उभं राहून बघा. खाली येणारं पाणी सुरुवातीला चहासारखं असतं, ते स्वच्छ होईपर्यंत "झालं काकू" मान्य करू नका. बाहेरचं युनिट "नंतर करू" म्हणून राहून जातं, म्हणून मी तिथून सुरुवात करायला लावते.

सर्व्हिससाठी फोन होळीआधी करा. गुढीपाडव्यानंतर मेकॅनिक मिळत नाही, मिळाला तर घाईत असतो.

विजेचं थोडक्यात. तासभर एसी चालल्यावर प्लग आणि सॉकेट हाताला कोमट लागणं चालतं, गरम लागणं किंवा पिवळट पडणं चालत नाही. जोड ढिला असतो आणि तो एक दिवस जळतो. १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि नीट अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. एक्स्टेंशन बोर्डावर एसी चालवू नका.

आणि रिमोट. १ जानेवारी २०२० पासून भारतात नव्या रूम एसीचं चालू करताच आपोआप येणारं तापमान २४ अंश ठेवणं बंधनकारक आहे. एक अंश वर नेलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. २६ वर ठेवून छताचा पंखा दोनवर लावला की आमच्याकडे पांघरूण लागतं. १८ वर ठेवल्याने खोली लवकर गार होते हा समज मात्र घरोघरी आहे, आमच्याकडे चिरंजीवांचा अजून आहे. पावसाळ्यात हवा गार पण चिकट असते, तेव्हा ड्राय मोड लावून बघा. पंखा हळू फिरतो आणि गारव्यापेक्षा ओल काढण्यावर भर राहतो.

दिवाळी आणि त्यानंतर

घराला रंग देताना किंवा पीओपीचं काम असताना एसी लावू नका. भिंत घासल्यावर उडणारी लांबीची, म्हणजे पुटीची, पांढरी पूड कॉइलवर बसली आणि ओली झाली की लुकणासारखी घट्ट होते, मग ती जेटनेही निघत नाही. काम सुरू होण्याआधी इनडोअर प्लास्टिकने बांधून टेप लावा आणि एमसीबी पाडा.

ऑक्टोबरचा उकाडा संपला की एसी झोपवायचा. फिल्टर धुऊन वाळवून बसवा. मग कोरड्या दिवशी दोन-तीन तास फक्त फॅन मोडवर चालवा, म्हणजे कॉइल, ब्लोअर आणि ट्रे आतून कोरडे होतात. हे केलं नाही तर मार्चमध्ये पहिल्या दिवशी घरभर कुबट वास येतो. बाहेरच्या युनिटला प्लास्टिकच्या पिशवीत गच्च गुंडाळू नका. आत ओल कोंडते आणि उंदरांना उबदार घर मिळतं. वरून पत्रा किंवा फळी पुरते. एमसीबी बंद.

रिमोटमधले सेल काढून ठेवा. आमच्याकडे एका हिवाळ्यात ते आत फुटले, स्प्रिंगला हिरवी बुरशी धरल्यासारखी झाली आणि रिमोट गेला. तेव्हापासून रिमोट आणि सेल एका डबीत, डबी त्याच कपाटात, जिथे दारावर पेन्सिलच्या तारखा आहेत.